नकट्या रिव्हॉल्वरचे वजन

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने अनुवादाच्या प्रकल्पासाठी एक अमेरिकन गुन्हेकथा निवडली होती. कथेतला माणूस कोटाच्या खिशातून जी वस्तू बाहेर काढतो तिला मूळ लेखकाने 'स्नब-नोज्ड रिव्हॉल्वर' म्हटले होते, आणि आमच्या विद्यार्थिनीने 'छोटेसे सुबक पिस्तूल'. समासात मी दोन प्रश्नचिन्हे काढली. पहिले 'पिस्तूल' या शब्दाला. मराठी गद्यात पिस्तूल आणि रिव्हॉल्वर हे शब्द बिनदिक्कत एकमेकांच्या जागी येतात. काडतुसे फिरत्या चक्रात बाळगणारे ते रिव्हॉल्वर, आणि बहुतेक वेळा मुठीतल्या कप्प्यातून एकेक काडतूस वर चढवणारे ते आजचे पिस्तूल, एवढा फरक अनुवादकाने पाळायला हरकत नाही. दुसरे प्रश्नचिन्ह होते 'सुबक'ला. त्यावर ती म्हणाली, "पण मॅडम, खिशात मावतं ना ते? मग सुबकच की!"

त्या दिवशी मला याचे उत्तर देता आले नाही. 'शब्दाची छटा बदलते' असे काहीतरी अध्यापकी पुटपुटून मी वेळ मारून नेली. पुढे सुटीत या विषयावर जमेल तेवढे वाचले, आणि तिच्या निरागस प्रतिप्रश्नात एका मोठ्या गैरसमजाचे मूळ आहे असे वाटू लागले. हा गैरसमज एकट्या तिचा नाही. गुन्हेकथांचे लेखक, चित्रपट आणि खुद्द शस्त्रांचे विक्रेते यांनी मिळून तो जोपासला आहे. खिशात सुखाने मावणारी वस्तू हातातही सुखाने वागेल, असा तो समज होय. या विशिष्ट वस्तूच्या बाबतीत तर नेमके उलटे घडते, आणि ते का घडते हे कळल्याशिवाय तिच्याविषयीचे एक विशेषणही धड निवडता येत नाही. (शस्त्र बाळगण्याच्या मी बाजूची नाही, हे आरंभीच सांगून टाकते, पण ज्या वस्तूची आपल्याला चीड आहे तिची माहितीच नसावी, हा काही समीक्षेचा नियम नव्हे.)

'स्नब-नोज्ड' म्हणजे आपल्या भाषेत नकटे. नळी इतकी आखूड की तोंडावर नाक असून नसल्यासारखे. मराठीत नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात. अमेरिकेत या नकटीचे लग्न मात्र झटपट लागले. कोल्ट कंपनीचे जॉन हेन्री फिट्झजेरल्ड हे गृहस्थ १९२० च्या दशकात मोठी रिव्हॉल्वरे घेऊन त्यांची नळी कापत, घोड्याची शेपटी घासून काढत, चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भागच उडवून टाकत. खिशातून हात झटकन बाहेर यावा, वाटेत काही अडू नये, हा उद्देश. १९२७ साली कोल्टने दोन इंच नळीचे 'डिटेक्टिव्ह स्पेशल' बाजारात आणले. साध्या वेषातल्या पोलिसासाठी ते होते. त्याच्या नावातच त्याचा गिऱ्हाईक सांगितलेला आहे. सहा गोळ्या आणि वजन सुमारे ६०० ग्रॅम. त्या काळच्या अमेरिकन शिपायाच्या कमरेला असलेले चार इंच नळीचे रिव्हॉल्वर किलोच्या आसपास भरत असे, म्हणजे ही बचत काही थोडी नव्हती. १९५० मध्ये स्मिथ अँड वेसनने 'चीफ्स स्पेशल' काढले. त्यात एक गोळी कमी करून पाचच ठेवल्या, त्यामुळे चक्राचा घेर घटला आणि वजन साडेपाचशे ग्रॅमवर आले.

इथपर्यंत सारे पोलादाचे होते. त्याच १९५० साली कोल्टने अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सांगाडा वापरून 'कोब्रा' आणले आणि वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास घसरले. दोन वर्षांनी स्मिथ अँड वेसनचे 'एअरवेट' आले. हवेच्या वजनाचे! नाव ठेवणाऱ्याच्या कल्पकतेला दाद द्यावी लागते. याच सुमारास अमेरिकेच्या हवाई दलाने वैमानिकांसाठी अशी रिव्हॉल्वरे मागवली. कोल्टच्या त्या नमुन्याचे नाव 'एअरक्रूमन'. विमानात प्रत्येक ग्रॅमचा हिशेब असतो, म्हणून त्यात सांगाड्याबरोबर गोळ्यांचे चक्रही अॅल्युमिनियमचे केले. पण नेहमीच्या काडतुसांचा दाब ते चक्र सोसेल की नाही अशी शंका उभी राहिली. त्यांच्यासाठी मुद्दाम सौम्य काडतूस तयार करावे लागले, आणि अखेरीस ती शस्त्रे परत घेऊन बहुतेक सगळी नष्ट करण्यात आली. हलकेपणाच्या हव्यासाला धातूने दिलेले हे पहिले उत्तर. माणसाच्या हाताने दिलेल्या उत्तराकडे मात्र कुणी फारसे लक्ष दिले नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी टायटॅनियम आले, पाठोपाठ स्कँडियम मिसळलेले अॅल्युमिनियम आले, आणि स्मिथ अँड वेसनच्या '३४० पीडी'सारख्या नमुन्याचे वजन सुमारे ३३० ग्रॅमपर्यंत उतरले. २००९ साली रूगर कंपनीच्या 'एलसीआर'मध्ये सांगाड्याचा काही भाग चक्क प्लास्टिकच्या जातीचा झाला. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी हातात धरून पाहा. या वस्तू तिच्याहून हलक्या आहेत.

वजन गेले. पण ते गेले कुठे? इथे थोडे पदार्थविज्ञान आणणे भाग आहे; मराठीच्या वाचकांनी पान उलटू नये. पॉइंट थर्टी-एट स्पेशल या काडतुसाची नेहमीची शिशाची गोळी साधारण दहा ग्रॅमची असते आणि आखूड नळीतून ती सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने सुटते. गोळीला जेवढा संवेग पुढे मिळतो, तेवढाच शस्त्राला मागे मिळतो. हा न्यूटनचा नियम आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेला आहे. शस्त्र किलोभराचे असेल तर ते सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास वेगाने मागे येऊ पाहते. ३३० ग्रॅमचे असेल तर सुमारे सात मीटरच्या वेगाने. संवेग तोच असला तरी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे वजन निम्मे केले की तळहातात शिरणारी ऊर्जा दुप्पट होते, एक तृतीयांश केले की तिप्पट. दारूच्या जळत्या वायूंचा वाटा यात धरलेलाच नाही. आणि या ३३० ग्रॅमच्या सांगाड्यातून पॉइंट थ्री फिफ्टी-सेव्हन मॅग्नम हे दांडगे काडतूसही उडवता येते. ते उडवले तर ही तिप्पटही पुन्हा दुपटीहून पुढे जाते.

ही ऊर्जा हाताला कशी भेटते हे या शस्त्रांविषयी लिहिणारे अमेरिकन लोक बारकाईने सांगतात, आणि ते वाचताना एखाद्या वैद्याची टिपणे वाचल्यासारखे वाटते. नळी मुठीच्या वर असल्यामुळे शस्त्र सरळ मागे न येता वर उसळते. मुठीचा माथा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात रुततो. चापाभोवतीच्या कड्याची मागची बाजू मधल्या बोटाच्या पेरावर आदळते. मूठ इतकी तोकडी की करंगळीला जागाच नाही. ती खाली हवेत लोंबते, आणि पकडीतली तिची मदत जाते. मधल्या दोन बोटांवर सगळा कारभार. त्यातून हे शस्त्र चालवण्यासाठी चाप ओढायला लागणारा जोर पाच किलोच्या पुढे असतो. चारशे ग्रॅमची वस्तू स्थिर धरायची आणि त्याच हाताच्या एका बोटाने पाच किलोंचा ताण द्यायचा! पाच किलोंचे पीठ एका बोटावर उचलताना तळहातावर ठेवलेली लिंबे हलू द्यायची नाहीत, असा हा प्रकार. नळी आखूड म्हणून पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर कमी, त्यामुळे नेमातली केसभर चूकही पुढे वाढत जाते.

याहून चमत्कारिक गोष्ट काडतुसांच्या बाबतीत घडते. एसटी एकदम सुटली की उभ्या प्रवाशाचे पाय गाडीबरोबर जातात आणि धड मागे राहते. तसेच हलके रिव्हॉल्वर धक्क्याने झटकन मागे येते तेव्हा चक्रात उरलेल्या काडतुसांची टोपणे त्याच्याबरोबर मागे येतात, पण त्यांतल्या जड गोळ्या जागीच राहू पाहतात. दोन-तीन बारांनंतर एखादी गोळी टोपणातून इतकी पुढे सरकते की तिचे टोक चक्राबाहेर येते आणि चक्र फिरायचे थांबते. शस्त्र स्वतःच्याच धक्क्याने अडकून पडते. जड पोलादी रिव्हॉल्वरात ही अडचण क्वचित येते.

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. रोज दहा-बारा तास अंगावर बाळगायची वस्तू आणि वर्षातून दोनदा हातात घ्यायची वस्तू यांचे निकष एक असू शकत नाहीत. किलोभराचे शस्त्र कमरेला लावणारा माणूस महिन्याभरात ते कपाटात ठेवू लागतो. कापड ओघळते, पट्टा रुततो, बसताना टोचते. नकटे रिव्हॉल्वर पँटच्या खिशात किंवा घोट्याच्या वर बांधता येते. त्याची गोलसर मूठ कपड्यावर उमटत नाही. १९५२ च्या 'सेंटेनियल' नमुन्यात घोडा सांगाड्याच्या आत झाकून घेतला गेला. तो खिशाच्या अस्तरात अडकत नाही, ही किती साधी आणि किती विचारपूर्वक सोय! मुठीचेच पाहा. रबराची मूठ धक्का शोषते, हाताला बरी वाटते; पण खिशातून काढताना तेच रबर कापडाला चिकटते. गुळगुळीत लाकडी मूठ अलगद निघते आणि धक्का सारा हाताला देते. हाताची सोय आणि खिशाची सोय यांचे वैर असे शस्त्राच्या रोमारोमांत भिनलेले आहे. बनवणाऱ्याने प्रत्येक वेळी खिशाचीच बाजू घेतली, कारण गिऱ्हाईक दुकानात शस्त्र खिशात घालून पाहते, झाडून पाहत नाही. फ्लोरिडा राज्याने १९८७ साली पात्र ठरणाऱ्या कुणालाही झाकून शस्त्र बाळगण्याचा परवाना देणारा कायदा केला आणि मग एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. खिसे वाढले, तशी खिशात मावणाऱ्या शस्त्रांची मागणीही वाढली.

अशा एका खिशाची, म्हणजे पर्सची, मला प्रत्यक्ष माहिती आहे. ह्यूस्टनला राहणारी माझी मावसबहीण तिकडची नागरिक आहे. शेजारच्या गल्लीत घरफोड्या झाल्या तेव्हा नवऱ्याच्या आग्रहाने तिने एक अॅल्युमिनियमचे नकटे रिव्हॉल्वर विकत घेतले. दुकानदाराने ते तिच्या तळहातावर ठेवले आणि ती म्हणाली, इतकं हलकं? तिथेच सौदा झाला. पुढच्या शनिवारी ती नेमबाजीच्या जागी गेली. पाच काडतुसे भरली. "ताई," ती मला फोनवर सांगत होती, "शाळेत सर उलट्या हातावर लाकडी पट्टीची धार मारायचे ना, तसं वाटलं. दुसऱ्या वेळी तर मी बार निघायच्या आधीच डोळे मिटले." तिसऱ्या बाराला तिने चाप ओढण्याआधी मनगटच खाली दाबले आणि गोळी समोरच्या जमिनीत गेली. पाचवे काडतूस तिने काढून परत डबीत ठेवले. बोटांमधल्या बेचक्यातली निळाई आठवडाभर राहिली. त्याला आता काही वर्षे झाली. टेक्सासमध्ये २०२१ पासून असे शस्त्र बाळगायला बहुतेक प्रौढांना परवानाही लागत नाही. ते रिव्हॉल्वर अजून पर्समध्ये आहे, आणि पुन्हा कधी झाडलेले नाही.

तिने डोळे मिटले ही भित्रेपणाची खूण नव्हे. शरीर एकदा दुखावले की ते पुढच्या दुखण्याला आधीच सामोरे जाते. हात नकळत नळी खाली ढकलतो. तिकडचे शिक्षक यासाठी एक जुनी युक्ती करतात. चक्रात जिवंत काडतुसांमध्ये एखादे रिकामे टोपण मिसळतात, कोणत्या घरात ते आहे हे शिकणाऱ्याला कळू देत नाहीत. रिकाम्या टोपणावर घोडा पडतो, बार होत नाही, तरीही नळी झुकते. जो धक्का आलाच नाही त्याला हाताने दिलेली ही दाद. भीतीचे याहून नेमके चित्र मी कुठल्या कादंबरीत वाचलेले नाही. माझा स्वतःचा अनुभव महाविद्यालयातल्या एन.सी.सी. शिबिरापुरता आहे. पॉइंट टू-टूची रायफल, वजन चारेक किलो, गोळी चिमुकली. धक्का असा नाहीच. जमिनीवर पालथे पडून दहा फैरी झाडल्या आणि आपल्याला नेमबाजी येते असा माझा पंचवीस वर्षे समज होता. बहिणीचा फोन आला तेव्हा तो गेला. जड रायफलीने मला जपले होते, हे मला कधी कळलेच नव्हते.

गंमत अशी की ज्या दोन छायाचित्रांत विसाव्या शतकाने गोळी झाडली जाताना पाहिली, त्या दोन्हींत हेच हलके नकटे रिव्हॉल्वर आहे. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसच्या पोलीस मुख्यालयाच्या तळघरात जॅक रूबीने ली हार्वी ऑस्वाल्डवर गोळी झाडली. ते शस्त्र कोल्ट कोब्रा होते, आणि रॉबर्ट जॅक्सन यांचे ते छायाचित्र जगभर गेले. १ फेब्रुवारी १९६८ रोजी सायगावच्या रस्त्यावर जनरल न्गुयेन न्गोक लोआन याने एका बंदिवानाच्या डोक्यात गोळी घातली. ते स्मिथ अँड वेसनचे 'बॉडीगार्ड एअरवेट' होते, आणि छायाचित्र एडी अॅडम्स यांचे. दुसऱ्या चित्रातला लोआनचा उजवा हात नीट पाहावा. चेहरा बाजूने दिसतो, त्यावर काहीच नाही. पण कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू ताणून उभे राहिले आहेत. आपण वर्षानुवर्षे त्या बंदिवानाच्या चेहऱ्याकडे पाहत आलो, आणि तेच योग्य होते. तरी झाडणाऱ्याच्या शरीराने चुकवलेला जो काही अल्पसा हिशेब आहे, तो त्या बाहूत आहे. या दोन्ही वेळी अंतर हातभराचे होते, हेही लक्षात घ्यायला हवे. या शस्त्राला नेम फारसा नसतो. ते हातभर अंतरासाठीच आहे.

म्हणूनच या शस्त्राची जी सर्वांत मोठी थाप आहे ती मला अस्वस्थ करते. 'हलके आहे, म्हणून बायकांसाठी उत्तम' ही ती थाप. स्मिथ अँड वेसनने 'लेडीस्मिथ' हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे आपले नाव १९८९ मध्ये पुन्हा वापरात आणले. तेव्हाची ती रिव्हॉल्वरे निदान पोलादाची होती. चार्टर आर्म्सच्या 'पिंक लेडी'पर्यंत येता येता सांगाडा अॅल्युमिनियमचा आणि गुलाबी झाला, वजन ३४० ग्रॅमवर आले. लहान पंजा, कमी सराव, पहिलेच शस्त्र. अशा व्यक्तीच्या हातात नेमके तेच द्यायचे, जे मुरलेल्या नेमबाजालाही आवरत नाही! तिकडचे अनेक जाणते शिक्षक हे ओरडून सांगतात, की नवख्याला जड द्या, हलके देऊ नका. पण दुकानातला तळहात त्यांचे ऐकत नाही. हलकेपणा आणि स्त्रीत्व यांची ही जोडणी भाषेच्या अभ्यासकांना ओळखीची असायला हवी. नाजूक, सुबक, गोजिरवाणे, चिमुकले, पर्समध्ये मावेल असे. ही विशेषणे शस्त्राची नाहीतच. ती ज्या स्त्रीला शस्त्र विकायचे आहे तिच्याविषयीच्या कल्पनेची आहेत.

आपल्याकडेही हा प्रयोग झालेला आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने 'निर्भीक' नावाचे पॉइंट थर्टी-टूचे रिव्हॉल्वर बाजारात आणले. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि प्रसिद्धी अशी की भारतीय स्त्रीच्या पर्समध्ये बसेल असे हे पहिले शस्त्र. न्यायाने सांगायचे तर पॉइंट थर्टी-टूचे काडतूस बरेच सौम्य आहे आणि ५०० ग्रॅम म्हणजे अमेरिकन हव्यासाच्या मानाने संयमच. धक्क्याचा माझा आक्षेप 'निर्भीक'ला तितका लागत नाही. किंमत आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालचा परवाना यांवर तेव्हा टीका झाली, ती रास्तच होती. माझे लक्ष त्या नावाकडे आहे. जिचे खरे नाव छापायला कायद्याने बंदी होती म्हणून वृत्तपत्रांनी जिला 'निर्भया' म्हटले, त्या शब्दाच्या सावलीत एका वस्तूचे नामकरण झाले. भय स्त्रीच्या अंगातून काढून पाचशे ग्रॅम धातूत भरून ठेवता येते, असे काहीतरी त्या नावातून सुचवले गेले. मराठी वृत्तपत्रांत त्या दिवसांत मी जे वाचले त्यात किंमत होती, वजन होते, नावाचे कौतुक होते. चाप ओढल्यावर हाताला काय होते, याचे एक वाक्य मला आढळले नाही.

आणि ते आढळावे अशी अपेक्षा तरी कशी करावी? ते वाक्य आमच्या कथावाङ्मयातच नव्हते. झुंजार आणि काळा पहाड यांच्यापासून दारा बुलंदपर्यंत, म्हणजे बाबूराव अर्णाळकरांपासून सुहास शिरवळकरांपर्यंत, मी शाळकरी वयात अधाशासारखे वाचले आहे, आणि त्या वाचनाची मला मुळीच लाज वाटत नाही. त्यांतले बार मला आठवतात, ठिणगी आठवते, धुराची रेघ आठवते, कोसळणारा माणूस आठवतो. झाडणाऱ्याचा तळहात मात्र एकदाही आठवत नाही. गोळी जशी काही बोट रोखल्यानेच सुटते. या बाबतीत मराठीला दोष देण्यात अर्थ नाही. हॉलिवूडने तर याचे शास्त्रच केले. चित्रीकरणातल्या काडतुसांत गोळीच नसते, त्यामुळे खरा धक्काही नसतो, आणि नट मनगटाला जो झटका देतो तो त्याच्या अंदाजाने. जग धक्का पाहायला शिकले ते या अंदाजातून.

वास्तविक आपल्या परंपरेत शस्त्राचे वजन सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नसे. सीतास्वयंवराचे आख्यान लावणारा कीर्तनकार आठवा. शिवधनुष्य किती जणांनी ओढून आणले याची मोजदाद आधी होते, मग ते रावणाच्या छातीवर पडते आणि सभा हसते. ते उचलणे हीच कसोटी. बाण सुटायची गरजच नाही. पोवाड्यातली तलवार, आखाड्यातली गदा, खंडोबाच्या देवळातला जेजुरीचा तो मणभर वजनाचा खंडा, जो दसऱ्याला हातांवर तोलून, दातांत धरून दाखवतात. या सगळ्यांत शस्त्र पेलणाऱ्याच्या शरीराची खबर आधी दिली जाते. शस्त्राने आधी धारकाला विचारायचे, मग शत्रूला. नकट्या रिव्हॉल्वरने ही रीत मोडली असे वरवर दिसते. उचलताना ते काहीच विचारत नाही, कुणीही उचलावे. पण त्याचा प्रश्न फक्त पुढे ढकललेला असतो. धनुष्य उचलतानाच नकार देते. हे शस्त्र खिशात होकार देते आणि आयत्या वेळी, ज्या घडीसाठी ते इतकी वर्षे वाहिले नेमक्या त्या घडीला, आपले राहिलेले वजन एका क्षणात वसूल करते.

हे सगळे मी त्या विद्यार्थिनीला, एवढे लांबण न लावता, सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, मग शब्द कोणता लिहू? 'सुबक' तिनेच खोडला. 'आखूड नळीचे' हे अचूक होते, पण कथेच्या लयीत पोलीस पंचनाम्यासारखे वाजत होते. 'बसक्या तोंडाचे' यात जनावर डोकावत होते. अखेर तिने 'नकटे रिव्हॉल्वर' लिहिले, आणि दोन परिच्छेदांनंतर जिथे बार होतो तिथे मूळ लेखकाने हाताविषयी एक छोटे वाक्य लिहिले होते ते, पहिल्या खर्ड्यात चुकून गळलेले, परत घातले. ते गळाले होते हे माझ्याही लक्षात आले नव्हते. बहिःस्थ परीक्षकांनी 'नकटे'भोवती लाल वर्तुळ काढून समासात 'ग्राम्य' असा शेरा दिला आहे. तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे; तिथे ती काय उत्तर देते ते पाहायचे.